पानी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, 'सध्या काय वाचतेस, काय ऐकतेस ते सांग.' सॉफ्टवेअरमध्ये २५ वर्षं काढलेल्या बाईचं वाचन म्हणजे बहुतेक ई-मेल आणि ऐकणं म्हणजे मीटिंगा. पण गेल्या पावसाळ्यापासून एक पुस्तक माझ्या उशाशी आहे, ते काही तिथून हलत नाही. 'बहिणाबाईंची गाणी'.

ते बाहेर निघालं मुलीमुळे. ती नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. एका रात्री बहिणाबाईंची कविता घेऊन आली आणि म्हणाली, "आई, यात किती चुका छापल्यात बघ. सगळीकडे ण च्या जागी न! मी असं लिहिलं तर मिस मार्क कापतील." मी हसले. तिला समजावायला बसले की अगं, ही चूक नाही, ही तिकडची बोली आहे. आणि सांगता सांगता मला आपला आठवीचा वर्ग आठवला आणि मी गप्प झाले.

तुम्हाला आठवत असेल, आठवीच्या मध्यावर एक मुलगी आपल्या वर्गात आली होती. वडिलांची बदली साताऱ्याला झाली म्हणून, थेट यावलहून. नाव घेत नाही. काहींनी ओळखलं असेलच. ओळखलं असेल तर कृपा करून गप्प बसा. पहिल्याच आठवड्यात मराठीच्या तासाला बाईंनी तिला धडा वाचायला उभं केलं. आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत आलं 'पाणी'. ती म्हणाली 'पानी'. मी हसले. मोठ्यांदा. माझ्या मागोमाग सगळा वर्ग हसला. बाईंनी आम्हाला दटावलं, तिला बसवलं आणि पुढचा धडा वाचायला मला सांगितलं. मी वाचला. 'पाणी' आलं की जरा जास्तच जोर देऊन वाचला. त्यानंतर दहावीपर्यंत त्या मुलीला वर्गात मोठ्यानं वाचताना मी ऐकलेलं नाही.

मीच का पहिली हसले, हे मला आत्ता कळतंय. माझी आजी कोरेगाव तालुक्यातल्या खेड्यात राहायची. ती जन्मभर 'पानी' म्हणाली. चौथीपर्यंत मीही 'पानी'च म्हणत होते. आपल्या वर्गातले निम्मे जण घरी 'आनी-पानी' करत होते आणि देवळात शिरताना चपला काढाव्यात तसं ते शाळेच्या फाटकाशी काढून ठेवत होते. माझा ण नवा कोरा होता. नवीन चप्पल घातलेल्याचं लक्ष जसं दुसऱ्याच्या पायांकडे जातं, तसं माझं झालं होतं.

गंमत पुढेच आहे. दोन महिन्यांनी त्याच तासाला बहिणाबाईंची कविता आली. बाईंनी ती फार जीव लावून शिकवली. चाचणीत मी रसग्रहण लिहिलं, त्यात 'ग्रामीण बोलीचा गोडवा' असे शब्द होते, ते मार्गदर्शकातून उचललेले. पैकीच्या पैकी मार्क पडले. ती कविता ज्या उच्चारांत म्हणायला हवी ते उच्चार असलेली एकच मुलगी वर्गात होती, आणि ती तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती.

आपण त्या भाषेला सरसकट अहिराणी म्हणायचो. ती लेवा गणबोली, हे मला परवा परवा कळलं. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करताना त्या गायच्या, आणि मुलगा सोपानदेव आणि घरातलं कुणी जवळ असलं तर ते टिपून ठेवायचे. न टिपलेलं किती असेल! १९५१ साली त्या गेल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं, त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. म्हणजे आपलं छापील पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेत कुणी 'पानी' म्हटलं तर काय होत असेल, असा एक चावट विचार माझ्या मनात येऊन गेला.

आता ऐकण्याबद्दल. हिंजवडीच्या रस्त्यावर रोज जाऊन-येऊन अडीच तास जातात, त्यामुळे कुमार गंधर्व माझ्या वाट्याला भरपूर येतात. क्षय झाला म्हणून हवापालटासाठी ते १९४८ मध्ये देवासला गेले. काही वर्षं गाणं बंद. त्या काळात खाटेवर पडल्या पडल्या कानावर काय येत होतं, तर माळव्यातल्या बायामाणसांची गाणी. ती त्यांनी नुसती ऐकली नाहीत, जमवली, त्यांचं स्वरलेखन केलं, आणि लोकधुनांतून नवे राग बांधले. मालवती ऐका, लगनगंधार ऐका. राग धुनेतून जन्मतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्यासारख्या अडाणी श्रोत्याला त्यातलं शास्त्र कळत नाही. मला एवढंच दिसतं की एवढा मोठा गवई, आणि तो आधी गप्प राहून ऐकत होता. मीही त्या आठवीच्या तासाला अर्धं मिनिट गप्प राहू शकले असते.

बरं, हे सगळं माझ्याही वाट्याला आलं नाही असं नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रश्न मराठीत सुचायचा आणि इंग्रजीत विचारायचा म्हणून मी तो विचारतच नसे. पहिल्या नोकरीत माझ्या एका इंग्रजी उच्चारावर मीटिंगमध्ये हशा पिकला, आणि पुढचं वर्षभर मी तोंड उघडलं नाही. तेव्हाही मला तिची आठवण आली नाही. हे सांगायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

दोन महिन्यांपूर्वी तिचा नंबर मिळवला आणि फोन केला. ती नाशिकला असते. ती अतिशय स्वच्छ, छापील मराठी बोलत होती, ण सुद्धा अगदी जिथल्या तिथे. मी म्हटलं, "तुझं बोलणं किती बदललं गं." ती म्हणाली, "घरातलं नाही बदललं. बाहेरचं तुम्ही बदललंत." मग मी आठवीचं काढलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे, लहान होतो. तशी म्हणाली नाही. म्हणाली, "मला सगळं आठवतंय. तू निळी रिबीन बांधली होतीस." नंतर बराच वेळ दोघींनाही काही बोलता आलं नाही.

मी माफी मागितली. फोनवरच मागितली, कारण आज इथे हे सांगू का असं विचारल्यावर तिनं अट घातली. "सांग, पण माझं नाव नको. आणि स्टेजवर माफी मागू नकोस. टाळ्या तुलाच पडतील." म्हणून मी ती इथे मागत नाहीये, आणि तुम्हीही मेहरबानी करून टाळ्या वाजवू नका.

ती आज आलेली नाही. घरात लग्न आहे म्हणाली, असेलही. पण माझ्या मुलीशी तिचं जमलंय. मुलीनं तिला बहिणाबाईंच्या कविता म्हणून पाठवायला सांगितल्या, आणि ती व्हॉइस मेसेज पाठवते. माझ्या फोनवर तसे चौदा जमलेत. तोच खणखणीत आवाज. वाकड-पुलाच्या कोंडीत आधी कुमार लावते, मग तिला. मुलगी तिच्यासारखं म्हणून बघते आणि तिचं 'ले' अन् 'नही' माझ्यापेक्षा बरं जमतं.

पंधरावा मेसेज परवा आला. तो कवितेचा नाही, कळण्याच्या भाकरीचा आहे. आठवतंय का, ती डब्यात आणायची ती काळपट भाकरी, जिच्याकडे आपण वाकून वाकून बघायचो? हल्ली हिवाळ्यात पुण्यात भरताबरोबर तीच भाकरी मी रांगेत उभी राहून, पैसे मोजून घेते. चार मिनिटं ती ज्वारी आणि उडदाबद्दल बोलली आहे. प्रमाण मात्र सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, "अंदाजानं घाल. चुकली तर परत कर."

पहिल्या दोन चुकल्या आहेत.