घरगुती इंधनखर्च : दोन रकान्यांचे गणित

(जयपूरमधील विद्याधर नगर येथे अभ्यासदौऱ्यावर आलेल्या महाराष्ट्रातील स्पर्धा परीक्षार्थींसमोर केलेले भाषण)



आपण ज्या वसाहतीत जमलो आहोत तिचा आराखडा १९८०च्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी तयार केला. दोशींचा जन्म पुण्याचा, हे आपल्याला ऐकून बरे वाटेल. जुन्या जयपूरचे रचनाकार विद्याधर यांचे नाव या नगराला मिळाले. सावली, वारा आणि पायी चालण्याजोगे अंतर यांचा विचार करून वस्ती वसवली, तर घराला ऊर्जा कमी लागते, हे त्यामागील सूत्र. परंतु आज सकाळी आपण सीकर मार्गावर उभे राहिलात, तेव्हा आसपासच्या गावांतून शहरात कामाला येणाऱ्या मोटारसायकली आपण पाहिल्या असतील. माझा विषय त्या मोटारसायकलींच्या टाकीपासून सुरू होतो.

२०११च्या जनगणनेनुसार राजस्थानची सुमारे ७५ टक्के लोकसंख्या ग्रामीण आहे. अशा राज्यातील कुटुंब ऊर्जेवर किती खर्च करते, असे विचारले तर आपण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या उपभोग खर्चाच्या कोष्टकातील ‘इंधन व प्रकाश’ हा रकाना पाहता. येथेच गफलत होते. त्या रकान्यात सरपण, गोवऱ्या, रॉकेल, गॅस आणि वीज येते. वाहनात भरलेले पेट्रोल मात्र ‘प्रवास व वाहतूक’ या रकान्यात जाते.

देशाच्या ग्रामीण भागातील आकडे पाहा. २०११-१२ मध्ये दरडोई मासिक खर्चात ‘इंधन व प्रकाश’चा वाटा ७.९८ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ६.११ टक्क्यांवर आला. एवढेच वाचणारा विद्यार्थी ‘ऊर्जेचा भार हलका झाला’ असे लिहून मोकळा होतो. त्याच काळात वाहतुकीचा वाटा ४.२० वरून ७.५९ टक्क्यांवर गेला. दोहोंची बेरीज १२.१८ वरून १३.७० झाली. वाहतुकीत बसचे व रेल्वेचे भाडेही असते, म्हणून सारी वाढ पेट्रोलच्या माथी मारता येणार नाही. पण बसऐवजी दुचाकी आली की भाड्याचे पेट्रोल होते, हे कोणत्याही गावात दिसते.

एक गृहीत उदाहरण घेऊ. गाव कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरवर आहे. महिन्यात २५ दिवस जाणे-येणे केले तर १,००० किलोमीटर होतात. लिटरला ५० किलोमीटर धरल्यास २० लिटर, आणि लिटरला १०० रुपये धरल्यास २,००० रुपये. २०२३-२४ मध्ये ग्रामीण राजस्थानचा सरासरी दरडोई मासिक खर्च ४,५१० रुपये होता. पाच जणांच्या कुटुंबाचा २२,५५०. म्हणजे जवळपास ९ टक्के केवळ कामावर पोहोचण्यासाठी. सरासरीहून गरीब घरात हा वाटा अर्थातच अधिक. स्वयंपाकघरात काटकसर करता येते, पण कामावरचे अंतर काही कमी करता येत नाही.

पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि जून २०१७ पासून ते दररोज बदलू लागले. पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या बाहेर असून केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत, तर राजस्थानचा मूल्यवर्धित कर टक्क्यांत असतो. त्यामुळे मूळ किंमत चढली की राज्याचा करही आपोआप चढतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली ती याच राज्यातील श्रीगंगानगर येथे. कर आणि आगारापासूनचे अंतर ही त्याची कारणे. बाडमेरच्या मंगला क्षेत्रातून २००९ पासून खनिज तेल निघते, तरी त्याच राज्यातील ग्राहकाला त्यामुळे पेट्रोल स्वस्त मिळत नाही, हेही नोंदवून ठेवा.

आता चुलीकडे वळू. २०११ मध्ये देशातील ६२.५ टक्के ग्रामीण कुटुंबे सरपणावर, तर ११.४ टक्केच गॅसवर स्वयंपाक करीत. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि जोडण्या झपाट्याने वाढल्या. प्रश्न पुढच्या टाकीचा असतो. अनुदानाने टाकी स्वस्त झाली की खर्चाचा वाटा घटतो, वापर घटत नाही. उलट टाकी परवडेनाशी होऊन घर पुन्हा चुलीकडे गेले, तरीही खर्चाचा वाटा घटू शकतो. एकच आकडा, दोन विरुद्ध अर्थ. म्हणून वाट्यासोबत वापराचे प्रमाणही पाहावे लागते.

रानातून फुकट आणलेल्या सरपणाचीही पाहणीत स्थानिक बाजारभावाने किंमत धरली जाते, ही चांगली व्यवस्था आहे. पण मोळीची किंमत धरली जाते, मोळी आणायला गेलेल्या बाईच्या वेळेची नाही. विलायती बाभळीच्या काटक्या तोडून, बांधून, डोक्यावर आणण्यात गेलेली तिची सकाळ खर्चाच्या कोष्टकात कोठेच दिसत नाही. तिच्यासाठी २०१९ व २०२४ या वर्षांची वेळ-वापर पाहणी उघडावी लागते, आणि ती पाहणी रुपयांत नव्हे, मिनिटांत बोलते.