कळस चढल्यानंतरचा कारभार

(श्रीभैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा दिवस गावाच्या भाग्याचा आहे. जुन्या भिंतींना तडे गेले होते, सभामंडप गळत होता, दीपमाळेचे दगड निखळले होते. आज त्याच जागी नवे मंदिर उभे आहे. कोणी लाखाची देणगी दिली, कोणी वाळूची खेप टाकली, कोणी आठवडाभर डोक्यावरून घमेली वाहिली. देवाच्या दारी या तिन्हींचे मोल सारखेच आहे. अशा सर्वांना प्रथम वंदन.

परंतु आनंदाच्या दिवशीच एका गोष्टीचा विचार करून ठेवलेला बरा. दगडी काम पुरे झाले की गवंडी आपल्या गावी जातो. कारभार मात्र कधीच पुरा होत नसतो. मंदिर बांधण्यासाठी जी शिस्त लागते, त्याहून वेगळी शिस्त मंदिर चालविण्यासाठी लागते. कळस चढला आणि दुसऱ्याच वर्षी गावात दोन तट पडले, यात्रेचा मान कोणाचा यावरून तक्रारी झाल्या, दानपेटीची किल्ली कोणाकडे यावरून भाऊबंदकी पेटली, अशी उदाहरणे ऐकिवात नाहीत असे कोणी म्हणणार नाही. म्हणून आजचा विषय आहे कारभार करणारी माणसे कशी तयार व्हावीत आणि बदल कसा पचवावा, हा.

पूर्वी गावकी रूढीवर चाले. पाटील, मानकरी, गुरव, बलुतेदार, प्रत्येकाचे काम ठरलेले आणि मानही ठरलेला. कोणी काही लिहून ठेवीत नसे, कारण सगळे सगळ्यांना ठाऊक असे. आता तसे राहिलेले नाही. निम्मे तरुण नोकरीधंद्यानिमित्त बाहेरगावी आहेत. वर्गणी मोबाईलवरून येते. देणगीदार विचारतो की पावती कोठे आहे. सुना-मुली शिकलेल्या आहेत, त्या हिशेब वाचू शकतात. हा बदल कोणी मुद्दाम आणलेला नाही. तो काळाने आणला आहे. त्याला अडवू पाहणारे थकतात आणि त्याला नीट वाट काढून देणारे गावाचे पुढारी ठरतात.

पुढारीपण हे जन्माने मिळते, ही समजूत मनातून काढून टाकली पाहिजे. चौंडी या जामखेड तालुक्यातील लहान गावी ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांचे चरित्र पाहावे. १७५४ साली पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात पडले, १७६६ साली सासरे मल्हारराव गेले, १७६७ साली पुत्र मालेराव गेला. अशा पाठोपाठच्या आघातांत त्यांनी दौलतीचा कारभार हाती घेतला आणि १७९५ पर्यंत चालविला. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारले, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांच्या कारभारातील तीन गोष्टी या प्रसंगी विशेष ध्यानी घेण्यासारख्या आहेत. पहिली, दानधर्माचा खर्च त्या आपल्या खासगीतून करीत. दौलतीचा पैसा आणि खासगीचा पैसा यांची सरमिसळ होऊ देत नसत. दुसरी, देवस्थान बांधून त्या थांबल्या नाहीत. पूजाअर्चा व अन्नछत्र पुढे चालावे म्हणून उत्पन्नाची तजवीज करून ठेवीत. तिसरी, सगळे काम स्वतःच्या हाती ठेवले नाही. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे दिली आणि मुलकी कारभार स्वतः पाहिला. हिशेब वेगळा ठेवणे, उद्याची तजवीज आज करणे आणि काम वाटून देणे, हे तीन धडे मंदिर समितीलाही तितकेच लागू आहेत.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे आणि ते मंदिराच्या जीर्णोद्धारापासूनच सुरू होते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे अवर्षणाचे गाव. शेतीला पाणी नाही, हाताला काम नाही, आणि गावात दारूच्या भट्ट्या. लष्करात वाहनचालक म्हणून नोकरी करून १९७५ साली अण्णा हजारे गावी परतले. त्यांनी आल्याबरोबर सभा घेऊन उपदेश केला नाही. यादवबाबांच्या मोडकळीस आलेल्या मंदिराची दुरुस्ती हाती घेतली आणि स्वतःच्या निवृत्तीच्या पैशातून सुरुवात केली. हा माणूस आपल्या पदरचे घालतो आहे, हे दिसल्यावर लोक श्रमदानाला येऊ लागले. तेच मंदिर पुढे गावाच्या बैठकीची जागा झाले. दारूबंदीचा विचार तेथे झाला. नंतर नालाबांध, पाझर तलावाची दुरुस्ती, झाडे, शाळा, धान्यबँक अशी कामे एकामागून एक झाली.

येथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी स्वतःचा त्याग, मग लहान पण डोळ्यांना दिसणारे काम, मग लोकांचा विश्वास, आणि त्यानंतर मोठा बदल. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा होतो. आधी मोठ्या योजनेचा फलक लागतो आणि विश्वास शेवटी शोधावा लागतो. त्याच गावाच्या इतिहासात एक दुसरी बाजूही आहे. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारण्याचे प्रकार तेथे झाले आणि त्यावर पुढे बरीच टीका झाली. धाकाने माणूस गप्प बसतो, त्याचे मन वळतेच असे नाही. बदल टिकवायचा तर तो पटवून द्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाचे सरपंचपद १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणाकडे आले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान असे नियम गावाने स्वीकारले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखी जास्त पाणी पिणारी पिके टाळायची, हेही ठरविले. पण या साऱ्याचा प्राण आहे तो पाण्याच्या ताळेबंदात. पाऊस किती पडला, जमिनीत पाणी किती आहे, हे मोजायचे, ग्रामसभेत सर्वांसमोर मांडायचे आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची हे ठरवायचे. आकडा उघड्यावर आला की भांडणाचे निम्मे कारण संपते. पाण्याचा हिशेब जर असा मांडता येतो, तर देवाच्या पैशाचा का येऊ नये? पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पण एका माणसाचा मान म्हणून त्याकडे न पाहता, एका गावाने पाळलेल्या शिस्तीचा मान म्हणून पाहावे.

बदलाचा सर्वांत अवघड भाग म्हणजे, आजवर बाहेर उभे राहिलेल्यांना आत घेणे. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. त्यापूर्वी त्यांनी अनेक महिने महाराष्ट्रभर हिंडून लोकांची मने तयार केली होती. मंदिर खुले झाले आणि विठ्ठलाचे काही उणे झाले नाही. उलट त्याची लेकरे वाढली. आज कायद्याने कोणास अडविता येत नाही हे खरे. पण आत येऊ देणे आणि निर्णयात बसविणे यांत अंतर आहे. या मंदिरासाठी वाडी-वस्तीवरच्या लोकांनी घाम गाळला, बायाबापड्यांनी घरचे धान्य दिले. नव्या विश्वस्त मंडळाची यादी होईल, तेव्हा त्यांच्यापैकी कोणाचे नाव त्यात असेल, हा प्रश्न गावाने स्वतःला विचारावा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. देवीच्या ओट्या भरणाऱ्या हातांना देवस्थानच्या वहीवर सही करण्याचा मान द्यावयास कोणाची हरकत असू नये.

आता थोडे कागदोपत्री. हा भाग रुक्ष वाटेल, पण पुष्कळशी भांडणे याच्या अभावी होतात. सार्वजनिक देवस्थान १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेले असते. विश्वस्त मयत झाला, त्याने राजीनामा दिला किंवा नवा नेमला गेला, तर त्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज द्यावा लागतो. खेड्यापाड्यांत हे राहून जाते. स्वर्गवासी झालेल्यांची नावे वर्षानुवर्षे कागदावर विश्वस्त म्हणून राहतात, आणि प्रत्यक्ष राबणाऱ्यांना कागदावर अधिकार नसतो. मग बँकेत सही चालत नाही, अनुदानाचा अर्ज अडतो आणि एखादा तक्रारदार उभा राहिला की सारेच खोळंबते. देवाची जमीन विकणे, अदलाबदल करणे, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून अधिक किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देणे, यांस धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे कलम ३६ चे बंधन देवाच्या मिळकतीच्या रक्षणासाठी आहे. ३१ मार्चला हिशेब बंद करावा, तो तपासून घ्यावा आणि चैत्री यात्रेच्या सभेत मोठ्याने वाचावा. ज्याने अकरा रुपये दिले त्यालाही तो ऐकण्याचा हक्क आहे.

तरुण मंडळींसाठी चार शब्द. पुढारीपण व्याख्यान ऐकून येत नाही. ते पोहण्यासारखे आहे, पाण्यात उतरावे लागते. सभेला वेळेवर जावे. इतिवृत्त लिहिण्याचे काम मागून घ्यावे. जो लिहितो तो इतरांचे ऐकावयास शिकतो. विरोधी मत मांडणाऱ्याचे बोलणे मध्ये न तोडता पुरे होऊ द्यावे आणि त्यातला खरा मुद्दा वहीत उतरवावा. एक लहान काम अंगावर घ्यावे, मग ते मंदिराच्या आवाराची सफाई असो की यात्रेतल्या पिण्याच्या पाण्याची सोय, आणि ते ठरल्या दिवशी पुरे करावे. चुकले तर चारचौघांत कबूल करावे. साधले तर श्रेय सोबत्यांना द्यावे. फोनवरच्या गटात रागाने लिहिण्यापेक्षा चावडीवर समोरासमोर बोलावे. लिहिलेला शब्द मागे घेता येत नाही.

आणि ज्येष्ठांना हात जोडून एक विनंती. जीर्णोद्धाराचे श्रेय आपलेच आहे. परंतु ज्या हातांनी कळस चढविला, त्याच हातांनी किल्ली पुढच्या पिढीकडे द्यावी. एकदम नव्हे, दोन-तीन वर्षे जुने आणि नवे विश्वस्त बरोबर बसावेत, कोणता मान कोणाचा, कोणती प्रथा कशासाठी, जमिनीचे कागद कोठे, हे सारे लिहून द्यावे. आपण हयात असताना सोपविलेला कारभार दुरुस्त करता येतो. मागे राहिलेला कारभार कोर्टात जातो. पद सोडल्याने मान कमी होत नाही. वेळेवर बाजूला झालेल्या माणसाला गाव जन्मभर विचारायला येते.

सज्जनहो, येत्या यात्रेपूर्वी तीन गोष्टी व्हाव्यात. जीर्णोद्धाराचा जमाखर्च, देणगीदारांच्या नावांसह, मंदिराच्या भिंतीवर लागावा. सर्व आळ्या आणि वस्त्यांना सामावून घेणारे विश्वस्त मंडळ ग्रामस्थांच्या सभेत निवडले जाऊन त्याचा बदल अर्ज मुदतीत दाखल व्हावा. आणि दर वर्षी गावाच्या उपयोगाचे एक काम, मग ते शाळेचे असो, पाण्याचे असो की आजाऱ्याच्या मदतीचे, देवस्थानने आपल्या अंगावर घ्यावे. एवढे झाले तर पन्नास वर्षांनी ही स्मरणिका उघडणारा नातू म्हणेल की आमच्या वडीलधाऱ्यांनी देऊळही बांधले आणि गावही बांधून ठेवले.

श्रीभैरवनाथ सर्वांना सद्बुद्धी, आरोग्य व एकोपा देवो, हीच प्रार्थना. जय हिंद, जय महाराष्ट्र.