मुक्या श्रोत्याची पूर्वतयारी



जीवदया हा शब्द या सभागृहात कोणालाही नवा नाही. पांजरपोळातील गायीला चारा, पाखरांना दाणा-पाणी, आजारी जनावराला औषध, ही जीवदया आपल्या परिचयाची आहे. तिच्यात माणूस देणारा आणि मुका जीव घेणारा असतो. आजच्या विषयात हे नाते उलटे होते. येथे देणारा तो मुका जीव आहे, आणि ज्याच्याकडून आपण सेवा घेतो त्याच्याविषयीची जबाबदारी दानाहूनही मोठी असते. घरच्या पाळीव कुत्र्याला शाळेतील मुलांच्या सहवासासाठी कसे तयार करतात, हा तो विषय होय.

या कल्पनेचा उगम एका योगायोगात आहे. न्यू यॉर्कचे बालमानसतज्ज्ञ डॉ. बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एकदा एक अबोल, स्वतःतच मिटलेला मुलगा ठरलेल्या वेळेआधीच आला. डॉक्टरांचा ‘जिंगल्स’ हा कुत्रा त्या वेळी खोलीतच होता. तो धावत जाऊन मुलाला चाटू लागला. मुलगा घाबरला नाही. उलट त्याला कुरवाळू लागला. पुढील काही भेटींत तो कुत्र्याशी खेळण्यासाठीच येत राहिला आणि हळूहळू त्या खेळात डॉक्टरांनाही जागा मिळाली. १९६१ साली लेव्हिन्सन यांनी हा अनुभव मानसतज्ज्ञांच्या सभेत मांडला आणि १९६९ साली त्यावर ग्रंथ लिहिला.

शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल १९९९ साली अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी येथे पडले. सँडी मार्टिन या परिचारिकेने रुग्णांवर प्राण्यांच्या सहवासाचा होणारा परिणाम पाहिला होता. वाचनात मागे पडलेल्या मुलांनी कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवले तर, असा विचार त्यांच्या मनात आला. ‘ऑलिव्हिया’ या त्यांच्या कुत्रीपासून सुरू झालेला हा उपक्रम तेथील सार्वजनिक ग्रंथालयातून पुढे शाळांत पोहोचला. अडखळत वाचणाऱ्या मुलाला अक्षरापेक्षा भय वाटते ते वर्गाच्या हसण्याचे. कुत्रा हसत नाही, चूक काढत नाही, घाई करत नाही. मूल एखाद्या शब्दाशी थबकले की शेजारी बसलेला पालक म्हणतो, “हिला हा शब्द कळलेला दिसत नाही, जरा समजावून सांगशील का?” मग मूल क्षणभर शिक्षक होते. अज्ञान कुत्रीच्या नावावर जाते आणि मुलाची मान ताठ राहते.

हे दृश्य गोड आहे, परंतु त्यामागील तयारी दीर्घ आहे. अंधांना वाट दाखवणारा कुत्रा एका व्यक्तीसाठी शिकवलेला असतो आणि अमेरिकेत कायद्याने त्याला सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचा हक्क आहे. थेरपी डॉगला असा हक्क नाही. तो घरचाच कुत्रा असतो, आपल्या माणसाबरोबर आणि शाळेच्या अनुमतीनेच तो आत पाऊल टाकतो. म्हणून परीक्षा कुत्र्याची एकट्याची होत नाही, त्या जोडीची होते.

१९७७ साली स्थापन झालेली आणि २०१२ पासून ‘पेट पार्टनर्स’ या नावाने ओळखली जाणारी संस्था अशा जोड्यांची नोंदणी करते. तिच्या नियमानुसार कुत्रा किमान एक वर्षाचा असावा आणि त्याने त्या घरी किमान सहा महिने काढलेले असावेत. वंशावळीची अट नाही; स्वभावाची आहे. पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचे असते तो काळ फार मोलाचा. त्या वयात ज्याने मुले, पाहुणे, छत्र्या, काठ्या, वाहनांचे आवाज निर्भयपणे पाहिले-ऐकले, त्याला पुढे जगाचे भय कमी वाटते.

त्यानंतर शिस्त. अमेरिकन केनेल क्लबने १९८९ पासून ‘कॅनाइन गुड सिटिझन’ नावाची दहा कसोट्यांची परीक्षा ठेवली आहे. परक्याने जवळ येऊन मालकाशी बोलावे आणि कुत्र्याने शांत राहावे, कोणी कुरवाळले तरी बसून राहावे, दोरी न ओढता चालावे, गर्दीतून जावे, ‘बस’, ‘आडवा हो’, ‘थांब’ हे ऐकावे, हाक मारताच यावे, दुसरा कुत्रा दिसला तरी बिथरू नये, अचानक आवाजाने पळू नये, मालक तीन मिनिटे दृष्टीआड झाला तरी धीर सोडू नये, अशा या कसोट्या आहेत. उरलेली एक त्याच्या निगेची. शाळेसाठी याहून अधिक लागते. तेथे घंटा अकस्मात वाजते, मुले घोळक्याने धावून येतात, लहानगी शेपूट धरतात, गळ्यात पडतात, डब्यातला घास जमिनीवर सांडतो. म्हणून चाचणीत मुद्दाम ओबडधोबड हाताळतात, मागून धक्का देतात, भोवती रागाने आरडाओरडा करतात आणि पडलेल्या वस्तूला तोंड न लावता ‘सोड’ म्हणताच तो पुढे जातो का, हे पाहतात. कापडाचा रंग पक्का की कच्चा हे गाठोडे सोडताना कळत नाही, पाण्यात घातल्यावर कळते. स्वभावाचेही तसेच आहे.

आरोग्याचे नियमही काटेकोर आहेत. रेबीजची लस वेळच्या वेळी, पशुवैद्याची तपासणी, जंतनाशक औषध, कापून गुळगुळीत केलेली नखे आणि भेटीपूर्वी चोवीस तासांच्या आत आंघोळ. पेट पार्टनर्सच्या नियमानुसार कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्याला या कामात प्रवेश नाही, कारण त्यातील जंतू मुलांपर्यंत पोहोचू शकतात.

शाळेचीही तयारी व्हावी लागते. कोणा मुलाला केसांची ॲलर्जी असते, कोणाला कुत्रा चावल्याची आठवण असते, कोणाच्या घरी कुत्र्याचा स्पर्श चालत नाही. पालकांची लेखी संमती घ्यावी, नको असलेल्या मुलाला सन्मानाने दुसरी जागा द्यावी, भेटीनंतर सर्वांनी हात धुवावेत. मुलांना आधी शिकवावे, की विचारल्यावाचून हात लावू नये, डोक्यावर वरून हात न नेता छातीजवळ किंवा हनुवटीखाली कुरवाळावे आणि मिठी मारू नये; माणसाला मिठी प्रेमाची वाटते, बहुतेक कुत्र्यांना ती कोंडल्यासारखी वाटते. मुंबई-पुण्यातही ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्थेने हे कार्य आपल्या मुलांपर्यंत आणले आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सारे शिकलेला कुत्राही थकतो, कंटाळतो, घाबरतो आणि त्याला तसे बोलून सांगता येत नाही. तथापि तो सांगत असतो. झोप नसता जांभई देतो, ओठांवरून वारंवार जीभ फिरवतो, मान वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, शेपूट पोटाखाली जाते, उष्मा नसता धापा टाकतो. ही त्याची ‘आता पुरे’ म्हणण्याची भाषा आहे. ती वेळीच वाचली नाही तर तो गुरगुरेल. तीही ऐकली नाही तर दात लावील, आणि मग दोष त्याच्याच माथी येईल. वस्तुतः दोष न वाचणाऱ्याचा असतो. म्हणूनच एका दिवसात दोन तासांहून अधिक सेवा नाही, दोरी कधीही दुसऱ्याच्या हाती नाही आणि दर दोन वर्षांनी पुन्हा चाचणी, असे नियम आहेत. तरीही मुख्य नियम पालकाच्या अंतःकरणात हवा. मुले आतुरतेने बसलेली असताना, मुख्याध्यापक स्वागताला उभे असताना, “आज याचे मन नाही, आम्ही परत जातो” असे म्हणण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्याचीच तयारी पूर्ण झाली.

शाळेच्या दारात पोहोचूनही अनेक कुत्रे आत जायला नाखूश असतात. ते वाईट नसतात, त्यांना घरच्या अंगणातच सुख वाटते. अशाला तेथेच राहू द्यावे. अडखळणाऱ्या मुलावर वाचनाची सक्ती नको, म्हणून ज्याला आणले, त्या श्रोत्यावरच सक्ती केली तर मुलाने त्यातून काय शिकावे? उलट, कुत्र्याने मान वळवली आणि मोठ्या माणसाने ते मानून दोरी सैल सोडली, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला दुर्बळाच्या ‘नको’चा मान राखणे पुस्तकावाचून कळते. करुणेचा तो पहिला धडा होय.