सौर वादळांचा अंदाज आणि नोंदींची परंपरा



सातपुड्यात उगम पावून खानदेशातून वाहत आलेल्या तापीच्या काठी, सुरत नगरीत, सौर घडामोडींच्या पूर्वानुमानाला वाहिलेल्या या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने सर्वांचे मनःपूर्वक स्वागत असो.

सूर्याच्या प्रभामंडलातून, म्हणजे त्याच्या बाह्य वातावरणातून, कधी कधी अब्जावधी टन विद्युतभारित द्रव्य आपल्या चुंबकीय क्षेत्रासह बाहेर फेकले जाते आणि ते पृथ्वीवर आदळले की भूचुंबकीय वादळ उठते. या वादळांच्या अभ्यासात आपल्या पश्चिम किनाऱ्याचा वाटा मोलाचा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय नोंदी १८४१ मध्ये सुरू झाल्या. २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळात तेथील निरीक्षकांनी एरवी तासातासाने होणारे वाचन काही मिनिटांच्या अंतराने घेतले, म्हणूनच पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात झालेली सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट आज जगाला ठाऊक आहे. पुढे मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामचा व्यत्यय टाळण्यासाठी १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेण्यात आले, आणि वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी १९१० साली ग्रंथरूपाने अभ्यासकांच्या हाती दिल्या.

सूर्यावरून निघालेले द्रव्य पृथ्वीपर्यंत येण्यास साधारणपणे एक ते चार दिवस लागतात. मात्र वादळाची तीव्रता मुख्यतः त्यातील चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर अवलंबून असते, कारण ती दक्षिणाभिमुख असेल तरच सौर ऊर्जेला पृथ्वीच्या चुंबकीय कवचात सहज वाट मिळते. ही दिशा खात्रीने कळते ती पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरांवरील एल-१ या समतोल बिंदूपाशी, जेथे ‘आदित्य-एल१’ हे भारतीय यान ६ जानेवारी २०२४ रोजी पोहोचले. परंतु तेथून पुढे सावध होण्यास जेमतेम तासाभराचा अवधी उरतो. मार्च १९८९ मध्ये अशाच एका वादळामुळे कॅनडातील क्यूबेक प्रांताची वीजव्यवस्था अवघ्या दीड मिनिटात कोलमडली आणि सुमारे नऊ तास वीज गेली, हे ध्यानी घेता हा अवधी वाढवणे किती निकडीचे आहे ते स्पष्ट होते. शिवाय वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात, म्हणजे आयनांबरात, कणांची दाटी असलेल्या पट्ट्यात गुजरातचा हा भाग येत असल्याने उपग्रहांच्या साहाय्याने होणाऱ्या दिशादर्शनात येथे अडथळे अधिक संभवतात.

जुन्या नोंदी, नवी याने आणि गणिती प्रारूपे यांचा सांधा जुळवल्याखेरीज भरवशाचा अंदाज हाती येणार नाही, आणि त्या कामाला या चर्चेतून बळ मिळेल, असा समितीचा दृढ विश्वास आहे.