मे महिना आणि ग्राफिक्स कार्ड

नागपुरात कूलर म्हटले की डोळ्यांपुढे येतो खिडकीतला, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. मी आज ज्या कूलरबद्दल बोलणार आहे, तो वीतभर असतो आणि संगणकाच्या पोटात बसतो.

२००८ सालच्या मे महिन्यात भाचा म्हणाला, "मामा, ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. साधं घेऊ की ओव्हरक्लॉक केलेलं?" शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले होते. दोन्ही कार्डांवर चिप एकच, एनव्हिडियाची ८८०० जीटी. साध्या कार्डावर ती ६०० मेगाहर्ट्झने चाले आणि तिचा कूलर पातळ, एका खाचेत मावणारा. दुसऱ्यावर कारखान्यातच वेग ६६० केलेला, वर जाडजूड कूलर. किमतीत अडीच हजारांचा फरक. भाच्याचे मन आधीच ठरले होते. त्याने महागडे घेतले आणि तपासायला माझ्याकडे आणले.

सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या चिपसुद्धा सारख्या नसतात. कमकुवत चिपही तरली पाहिजे, म्हणून मूळ वेग थोडा हात राखून ठरवतात. कार्ड बनवणारी कंपनी तो वाढवते आणि हमीसह विकते. यात फसवणूक नाही. पण वेग १० टक्के वाढला म्हणून खेळ १० टक्के जलद चालेलच असे नाही. मेमरीचा वेग तेवढाच राहिला, तर चिप तिची वाट पाहत बसते.

भाच्याच्या मित्राकडे साधे कार्ड होते. दोन्ही आळीपाळीने एकाच संगणकात बसवली. कॅबिनेट बंद, खिडकीतला कूलरही बंद, खोलीत ३८ अंश. परीक्षणे लिहिणारे बहुधा थंड खोलीत बसतात. इथे खोली जितके अंश जास्त तापलेली, साधारण तितके अंश चिपही वर चढते. खेळातला एकच प्रसंग तीन-तीनदा चालवला आणि मग तासभर सलग. पाच मिनिटांच्या चाचणीत सगळीच कार्डे गुणी दिसतात.

साध्या कार्डाने सेकंदाला ४० चित्रे दिली, नव्याने ४३. हा फरक मला दिसला नाही. भाच्याला दिसला, पण पैसे त्याचे गेले होते. तापमानाची गोष्ट मात्र वेगळी. साधे कार्ड तासाभरात ९८ अंशांवर गेले आणि पडद्यावर रंगीत ठिपके नाचू लागले. नवे ७८ वर थांबले. मग मी नव्याचा वेग सॉफ्टवेअरने ६०० वर उतरवला. तापमान जेमतेम तीन अंश खाली आले! म्हणजे अडीच हजार वेगाचे नव्हतेच, ते होते त्या जाड कूलरचे.

एक गोष्ट खोक्यावर लिहिलेली नव्हती. हा कूलर दोन खाचा अडवतो आणि गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडतो. शेजारची हार्डडिस्क हात लावू देईना. मागच्या बाजूला १२० मिलिमीटरचा पंखा बसवला, तेव्हा कुठे भागले.

पुढे २०१२ साली एनव्हिडियाने 'जीपीयू बूस्ट' आणले. तेव्हापासून चिप आपले तापमान आणि वीजवापर पाहून स्वतःच वेग वाढवते, कमी करते. त्यामुळे मला कोणी कार्डाबद्दल विचारले, की खोक्यावरचे मेगाहर्ट्झ मी शेवटी वाचतो.

भाच्याचे कार्ड बरीच वर्षे चालले. घरात वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, त्याच दिवशी तोही कॅबिनेट उघडून जुन्या ब्रशने पंख्यातली धूळ काढायचा.