स्थूल शरीर आणि विपरीत आसने : आधार घ्या, घाई टाळा



२१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन जवळ आला की शीर्षासनाची छायाचित्रे सर्वत्र दिसू लागतात. ‘माझ्या वजनाला हे कसे पेलणार?’ असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येतो. परिचर्येच्या सेवेत असताना मानदुखीने त्रस्त अशा एक भगिनी तपासणीस आल्या होत्या. वर्गात ‘मला जमत नाही’ असे म्हणण्याचा त्यांना संकोच वाटला. दोघींनी पाय धरून त्यांना शीर्षासनात उभे केले. त्यांचे दुखणे त्या संकोचातून आणि घाईतून उद्भवले होते.

शीर्षासनात शरीराच्या वजनाचा ४० टक्के किंवा त्याहूनही अधिक भार डोक्यावर व मानेवर येऊ शकतो. म्हणजे वजन ९० किलो असल्यास मानेवर सुमारे ३६ किलो भार. सर्वांगासनात व हलासनात पोट आणि छाती गळ्याकडे झुकतात, श्वासपटल दाबले जाते व श्वास कोंडतो. म्हणून स्थूल व्यक्तींनी ही तीन आसने घरी एकट्याने करू नयेत. योग दिनाच्या सामायिक अभ्यासक्रमातही शीर्षासन नाही; त्यात सेतुबंधासनासारखी सौम्य आसने आहेत.

आपण भिंतीच्या आधाराने आरंभ करावा. भिंतीला कूस लावून बसावे, कुशीवर आडवे व्हावे आणि मग उताणे होत पाय भिंतीवर न्यावेत. नितंब भिंतीपासून वीतभर दूर ठेवावेत. त्यामुळे पोटाला जागा मिळते. डोके व खांदे यांखाली चादरीची घडी ठेवल्यास श्वास मोकळा होतो. हेही अवघड वाटल्यास पोटऱ्या खुर्चीवर ठेवाव्यात. प्रारंभी एक-दोन मिनिटे पुरेशी आहेत. जेवणानंतर किमान तीन तास जाऊ द्यावेत.

आसनात असताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलून पाहावे. ते जमले नाही, तर पाय खाली घ्यावेत. उठताना गुडघे वाकवून कुशीवर वळावे, क्षणभर थांबावे आणि हातांच्या आधाराने बसावे. एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते.

अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात, काचबिंदू, मधुमेहामुळे झालेला दृष्टिपटलाचा विकार, मानेच्या मणक्यांचा आजार, हर्निया, छातीत वारंवार जळजळ किंवा गर्भावस्था असल्यास वैद्यकीय सल्ल्याविना कोणतेही विपरीत आसन करू नये. शीर्षासनात डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो. ३० वर्षांवरील व्यक्तींनी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घ्यावी. तेथे ही तपासणी विनामूल्य होते.

हातात मुंग्या येणे, छातीत दुखणे, दृष्टी अंधुक होणे किंवा तीव्र डोकेदुखी जाणवल्यास आसन तत्काळ थांबवावे. लक्षणे ओसरली नाहीत, किंवा बोलणे अडखळले वा एका बाजूचे हातपाय लुळे पडले, तर विलंब न करता १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा.

योगशिक्षकांना विनंती आहे, की कोणाचेही पाय धरून त्यास वर उचलू नये. आणि आपण, वाचकहो, ‘मला भिंत हवी’ असे निःसंकोच सांगावे. भिंतीला टेकलेले पायही विपरीत आसनच करीत असतात.