चैत्रगौर आणि आजीची पितळी भांडी

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मुलुंड-बोरिवलीकडे सोसायटीच्या बागेत, उन्हं कलल्यावर ते छान रंगतं. माळ्यावरची आजीची पितळी भांडी यंदा जरूर काढा. पण कैरीचं पन्हं आणि आंबेडाळ दोन्ही आंबट, हे विसरू नका. आंबटामुळे पितळेतलं तांबं पदार्थात उतरतं आणि पदार्थ कळकतो. म्हणून भांड्याला आतून कथलाची कल्हई हवी. ती नसेल, तर पन्हं स्टीलच्या पातेल्यात करा, चांदीच्या पेल्यांतून द्या. पितळी परातीत ओटीचे भिजवलेले हरभरे ठेवा, शेजारी मोगरा, अत्तरदाणी, गुलाबदाणी. नंतर भांडी चिंचेनं घासून, धुऊन लगेच कोरडी पुसा. डाग पडणार नाहीत.